स्कार्वोयाची दुसरी केबल

१

हॅचरीच्या सगळ्या टाक्यांतले मासे एका दुपारी मेले. सामनची बोटाएवढी पिल्लं होती ती, वसंतात समुद्रातल्या जाळ्यांत सोडायची. वादळाने बेटावरची वीज गेली, बॅकअपचा जनरेटर आपोआप सुरू झाला, दिवे लागले, पंप फिरले, आणि थोड्या वेळाने ब्रेकर पडला. पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा पाण्यातच बुडून मरतो. ऐकायला हे विनोदी वाटतं, पण मढी उपसताना स्कार्वोयात कुणी हसलं नाही.

उपसायला सगळं गाव आलं होतं. बिनपगारी, आपापली फावडी आणि आपापला कॉफीचा थर्मास घेऊन. याला तिथे दुग्नाद म्हणतात. शाळेचं छप्पर दुग्नादवर, धक्क्याची रंगरंगोटी दुग्नादवर, खुद्द हॅचरीही अर्धीअधिक दुग्नादवरच उभी राहिलेली. गावच तिचं मालक. ती बुडाली की कामं जाणार, तरुण जोडपी जाणार, शाळेला कुलूप लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा कुणाचा तरी गळा धरणं भाग होतं, आणि तो कुणाचा हे फावडी धुवून होण्याआधीच ठरलं होतं.

पोलंडहून आलेल्या वायरमन विटोल्ड मारचाकचा. जनरेटरपासून पंपांच्या पॅनेलपर्यंतची वायरिंग त्याने केली होती, आणि सगळ्या हॅचरीत पैसे घेऊन काम केलेला तो एकटाच होता.

सरकारी वीज-तपासनीस तोरुन हेस्टनेस फेरीबोटीतून उतरली आणि धक्क्यावरच अडखळली. एका फळकुटाखालून आडवं काहीतरी गेलं होतं, त्याने वर उचललेल्या कडेला तिचा बूट लागला आणि हातातली बॅग पुढे जाऊन पडली. मागून उतरणारी माणसं मात्र त्याच जागी न बघता पाय उचलून पुढे निघून गेली.

"होईल सवय," एक बाई म्हणाली.

"सवय व्हायला मी राहायला आलेली नाही," तोरुन म्हणाली.

पन्नाशी ओलांडलेली तोरुन स्वतः अशाच एका बेटावर वाढली होती, म्हणून बेटांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. पाच माणसं एकच वाक्य बोलायला लागली की ते कुणीतरी वाटून दिलेलं असतं, असं तिचं मत. स्कार्वोयात तर धक्क्यापासून हॅचरीपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने तिला तेच सांगितलं. शेवटी सांगितलं हॅचरीचा अध्यक्ष अस्लाक नेसेटने, जनरेटरच्या खोलीत उभं राहून.

"मी काही विजेतला माणूस नाही," अस्लाक म्हणाला, "पण सिगवाल्डने अगदी पोराला समजवावं तसं समजावलंय. त्यांच्याकडे पोलंडात चारशे व्होल्ट. आपल्या बेटावर अजून जुनं जाळं, दोनशेतीसचं. व्होल्ट कमी, तर त्याच पंपाला करंट जास्त, जवळजवळ पावणेदोनपट. हा पठ्ठ्या चारशेचं गणित डोक्यात धरून आला, एक केबल टाकली, ब्रेकर एकशेपंचवीस अँपिअरला लावला. सगळ्या पंपांना मिळून लागतात दोनशेच्या वर. मग पडणारच की."

तोरुनने मनात आकडे फिरवून पाहिले. चारशे व्होल्ट धरले तर एकशेपंचवीसचा ब्रेकर आणि समोरची केबल अगदी बेतून आणल्यासारखी होती. हिशोब चोख बसत होता. इतका चोख की तिला जरा चीडच आली.

"सिगवाल्ड कोण?"

"सिगवाल्ड माहीत नाही तुला? चाळीस वर्षं खांबांवर चढलाय तो. इथे वादळात कुणाच्याही घरी दिवा लागला तर तो त्याच्या हाताने. आता निवृत्त आहे."

"आणि विटोल्डचं काय म्हणणं?"

"तो म्हणतो, जोडीने दोन केबल टाकल्या होत्या. कागदावरही दोनच आहेत. पण भिंतीवर बघ ना." भिंतीवर खरोखर एकच होती. "दोनचे पैसे घेतले आणि एक टाकली. आम्ही त्याला चोरी म्हणतो. तुझ्या कचेरीत काय म्हणतात?"

"आमच्याकडे आधी विचारतात."

"विचार की, कोण नको म्हणतंय? पण रविवारी गावघरात सभा आहे, आणि ठराव लिहून तयार आहे. त्याचं नाव पोलिसांत द्यायचं आणि त्याचा परवाना कायमचा काढून घ्यायला तुम्हाला सांगायचं. तू सभेत नुसती मान हलवलीस की झालं."

२

विटोल्डच्या घरात बोळातच खोकी बांधून ठेवलेली होती. त्याची बायको हालिना शाळेत साफसफाईचं काम करायची. शाळेने तिला काही दिवस घरीच थांब म्हणून सांगितलं होतं. तिने काचेच्या पेल्यात चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

या बेटावर पाद्र्यालाही अरे-तुरे करतात. विटोल्ड मात्र इतकी वर्षं राहूनही सगळ्यांना तुम्हीच म्हणे.

"बाई, दोनशेतीस आणि चारशेत मी चूक करीन? तुम्ही पीत आहात तो चहा दोनशेतीसवरच उकळलाय. रोज उकळतो."

"मग सांग काय केलंस ते."

"दोन केबल, शेजारीशेजारी. एकच जाड घेतली असती तर त्या कोपऱ्यात वळली नसती. निम्मा करंट हिच्यातून, निम्मा तिच्यातून. ब्रेकर पूर्ण अडीचशेला लावला. मग सगळं आवळून झाल्यावर हालिनाचं नेलपॉलिश लावलं."

"काय लावलंस?"

"नेलपॉलिश." विटोल्ड जरासा ओशाळला. "बोल्ट आवळला की बोल्टपासून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कुणी बोल्ट हलवला की रेघ तुटते, नुसतं बघून कळतं. त्यासाठी रंग मिळतो वेगळा, पण इथे मागवायचा तर फेरीची वाट बघत बसा. हालिनाकडे एक जांभळं होतं, तिला आवडत नव्हतं. ब्रेकर किती अँपिअरला पडायचा ते ठरवणाऱ्या डायलवरही ठिपका दिला, केबलच्या टोकांवरही."

"मग दुसरी केबल गेली कुठे?"

"हे तुम्ही मला विचारता? वादळात मी पलीकडे मुख्य भूमीवर अडकलो होतो, फेरी बंद होती. आणि काम हाती दिल्यापासून त्या खोलीत माझं पाऊल पडलेलं नाही. किल्ली गावाकडे. हॅचरीत दुग्नाद झाले, पुष्कळ झाले, मला कधी कुणी बोलावलं नाही."

"का?"

"माझं काम पगारी होतं ना. पगारी माणूस दुग्नादात शोभत नाही म्हणे." तो हसला, पण ते हसणं काही बघण्यासारखं नव्हतं.

"परवाना गेला तर काय करशील?"

"भावाचं गॅरेज आहे गावी, टायर बदलीन. टायर बदलण्यात काही कमीपणा नाही. पण बाई, माझी मुलगी इथल्या बोलीत बोलते, इथल्यासारखी शिव्या देते. काल तिने मला विचारलं, बाबा, मासे तू मारलेस का? मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. पण तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही."

तोरुनने चहा संपवला. माणूस खोटं बोलत नव्हता असं तिला वाटलं. पण असं तिला याआधीही दोघातिघांबद्दल वाटलेलं होतं, आणि ते खोटारडे निघाले होते.

३

हॅचरी सांभाळणारी रायदुन एका कोरड्या टाकीच्या काठावर बसली होती. त्या दुपारी पाळीवर ती एकटीच होती.

"तुला एक सांगते," ती म्हणाली, "गावात कुणाला सांगितलं नाही. अस्लाकलासुद्धा नाही. ब्रेकर पडल्यावर मी तो परत लावला. पहिल्यांदा बराच वेळ चालला होता, दुसऱ्यांदा लवकर पडला. तिसऱ्यांदा लावला, तर हात मागे घेते न घेते तोच पडला. पडलेला ब्रेकर पुन्हा पुन्हा लावू नये म्हणतात. मीच घालवलं का ग सगळं?"

"नाही. तारेला तार चिकटली असती तर तो पहिल्याच क्षणी पडला असता. थोडा चालून पडला याचा अर्थ भार जास्त होता. आणि आधीच तापलेला ब्रेकर दर वेळी लवकर पडतो. तो त्याचं काम करत होता."

"कसलं काम? मासे मारायचं?"

"केबल जळू न देण्याचं. ब्रेकर माशांसाठी नसतो रायदुन, पंपांसाठीही नसतो. तो केबलसाठी असतो. केबलला जेवढं सोसतं त्याच्या वर गेलं की तोडायचं, एवढंच त्याला कळतं."

तोरुनने हातातली जनरेटरची नोंदवही उघडली.

"दर सोमवारी जनरेटर चालवून बघत होतीस ना?"

"न चुकता. सुरू करायचा, आवाज ऐकायचा, बंद करायचा."

"पंप त्याच्यावर टाकून?"

"छे. पंप मध्येच थांबून सुरू झाले तर मासे बिथरतात. रिकामाच चालवायचा."

औताला न जुंपताच बैल कामाचा आहे म्हणण्यातला हा प्रकार. तोरुनने तो निम्म्या बेटांवर पाहिला होता, आणि दर वेळी लोक तितक्याच अभिमानाने सांगत.

"कुणाला हाक मारायला का गेली नाहीस?"

"फोनचा मनोराही मेला होता. आणि यांना टाकून जाऊ कशी? सगळे वर येऊन आ करत होते. हाताशी ऑक्सिजनची एक बाटली होती, ती या टाकीत सोडली. तीही संपली." तिने कोरड्या टाकीवर हात ठेवला. "नंतर शांत झालं. तेव्हापासून इथे असंच शांत आहे."

तोरुनने खिडकीतून बाहेर पाहिलं. चढावर एकच घर होतं, पिवळं, खिडकी थेट हॅचरीकडे तोंड करून.

"तिथे कोण राहतं?"

"सिगवाल्ड," रायदुन म्हणाली.

४

सिगवाल्ड तोरुनला पाहताक्षणी आवडला, आणि हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. पंचाहत्तरीचा उंच म्हातारा, हात फावड्यासारखे. त्याने तिचा कोट घेतला आणि दारामागच्या खुंटीला अडकवला. खुंट्या त्याने स्वतः जुनिपरच्या लाकडाच्या तासलेल्या होत्या, टोकांना डांबर लावलेल्या. बोळात त्यांचा वास भरून राहिला होता.

"हात स्वस्थ बसत नाहीत," तो म्हणाला. "खांब काढून घेतले, आता लाकूड तासतो. बस. वाफल घे, चीज घे. बारीक आहेस."

बारीक आहेस असं तोरुनला लग्नानंतर कुणी म्हटलं नव्हतं. तिने वाफल घेतलं. टेबल खिडकीला लागून होतं आणि खाली सगळी हॅचरी अंगणासारखी पसरली होती.

"वादळाच्या दुपारी तू घरीच होतास?"

"जेवून आडवा झालो होतो. वारा घोंगावला की मला छान झोप लागते. आयुष्यभर त्या आवाजाला उठून बाहेर पडलो, आता त्याच आवाजाला झोपतो. उठलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

मग त्याने चारशे आणि दोनशेतीसचं गणित सांगितलं. अस्लाकने सांगितलं होतं त्याच शब्दांत, फक्त जास्त सुबक.

"विटोल्ड वाईट माणूस नाही," तो म्हणाला. "पण परका माणूस परकं गणित घेऊन येतो. त्याला बोल लावून काय उपयोग?"

"सभा तर तेच करणार आहे."

"सभा." सिगवाल्डने कॉफी ओतली. त्याचा हात स्थिर होता. "मला वाईट वाटतं ते रायदुनचं. बिचारी परत परत ब्रेकर लावत होती. तिसऱ्यांदा तर क्षणभरही टिकला नाही. त्या पोरीला वाटत असेल, आपल्याच हाताने झालं."

तोरुन वाफल चावत राहिली. ते चांगलं झालं होतं, पण उरलेलं तिने बशीत ठेवून दिलं.

"येते मी," ती म्हणाली. "ते पॅनेल पुन्हा एकदा बघायचं राहिलंय."

"काय बघायचंय त्यात आता?"

"बोल्ट," तोरुन म्हणाली, आणि त्याने खुंटीवरून कोट काढून देईपर्यंत दाराशी उभी राहिली. कोट द्यायला त्याला जरा वेळ लागला.

५

पहिल्या दिवशी तिने पॅनेल अस्लाकच्या शेजारी उभं राहून, त्याची बडबड ऐकत पाहिलं होतं. आज दार आतून लावलं, मेन बंद केलं आणि विजेरी घेऊन गुडघ्यांवर बसली.

ब्रेकरच्या अंगावर अडीचशे छापलेलं होतं. त्याची डायल निम्म्यावर, एकशेपंचवीसवर वळवलेली होती. चारशेचं गणित घेऊन आलेला माणूस दुप्पट मोठा, दुप्पट महाग ब्रेकर कशाला आणेल? आणि डायलच्या कडेला, पूर्ण अडीचशेच्या खुणेपाशी, जांभळ्या रंगाचा एक टवका अजून चिकटून होता.

बोल्टांवर जांभळ्या रेघा होत्या, पण तुटलेल्या. अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी पट्टीवर, एकमेकींना तोंड न दाखवणाऱ्या. बोल्ट गरजेपेक्षा लांब होते. केबलचं एक टोक बसवून उरलेलं मळसूत्र बाहेर आलेलं होतं, आणि तेवढाच भाग नव्यासारखा चकचकीत होता. तिथे दुसरं टोक बसलेलं होतं आणि त्याने धुळीपासून जागा झाकून ठेवली होती.

पॅनेलच्या तळाला केबल आत शिरायची दोन भोकं होती. एकातून केबल आलेली, दुसऱ्यात लाकडी खुंटी ठोकलेली. खुंटीच्या टोकाला डांबर होतं. तोरुनने नाक जवळ नेलं. वास जुनिपरचा होता.

ती हत्यारांच्या पेटीवर बसली. विटोल्डने दोन टाकल्या होत्या, हे नक्की झालं. एक कुणीतरी नेली. पण चोराने केबल नेली असती आणि तो गेला असता. डायलला हात लावायची त्याला काय पडलेली? डायल निम्म्यावर आणणाऱ्याला ठाऊक होतं की आता मागे निम्मीच केबल उरली आहे, आणि तिच्यावर अडीचशेचा करंट सोडला तर खोली पेटेल. भोकही त्याने बुजवलं, उंदीर शिरू नये म्हणून. चोर इतकी काळजी करत नाही. एवढी काळजी उसनं नेणारा करतो, पुन्हा आणून लावायच्या बोलीवर.

मग उसनं नेलं कशाला? आणि मनगटाएवढी जाड, चाळीस मीटर लांब केबल या एवढ्याशा बेटावर दडवली कुठे? चालत चालत ती धक्क्यावर आली. नाताळाआधीचे, ॲडव्हेंटचे दिवस होते, माणसं मोठ्या सुरूच्या झाडावर दिवे चढवत होती. थर्मास फिरत होते, कुणीतरी कुणाच्या शिडीवरून विनोद करत होतं. तोरुन त्यांच्याकडे बघत निघाली आणि त्याच जागी पुन्हा अडखळली.

या वेळी ती उठली नाही. तिथेच बसून तिने फळकूट उचललं. मागचं हसणं थांबलेलं तिला ऐकू आलं.

६

रविवारी चर्चनंतर गावघर, म्हणजे गावाचं सभागृह, गच्च भरलं. लांब टेबलांवर वाफल्स होती, कॉफी होती, अध्यक्षापुढे ठराव होता. विटोल्ड दाराजवळ उभा होता. बाकावर जागा होती, पण त्याला कुणी सरकून बस म्हटलं नव्हतं.

"तोरुन बोलेल," अस्लाक म्हणाला, "आणि मग आपण मत घेऊ."

"दुसरी केबल सापडली," तोरुन म्हणाली. "म्हणजे मला सापडली. तुम्हाला सापडायचा प्रश्नच नाही, तुम्ही रोज तिच्यावरून पाय उचलून जाता. तिच्या टोकावर जांभळा ठिपका आहे, विटोल्डच्या बायकोच्या नेलपॉलिशचा. आज तिच्यावर सुरूच्या झाडाचे दिवे चालतात. उन्हाळ्यात काय चालत होतं?"

कुणीतरी कप खाली ठेवला.

"जत्रेचा मंच," अस्लाक म्हणाला. "नाचाचे दिवे, बँडचे कर्णे. जुनी केबल पुरत नव्हती. सिगवाल्ड म्हणाला, त्याच्याकडे एक आहे."

"त्याच्याकडे कुठून आली, हे कुणी विचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं.

"मग मी सांगते. डायल निम्म्यावर आणायची अक्कल या बेटावर दोघांनाच आहे. विटोल्डने ती वळवली असती तर रंगाचा नवा ठिपका दिला असता, त्याच्या अंगवळणी पडलंय ते. आणि भोकात जुनिपरची खुंटी तो मारणार नाही. तशा खुंट्यांवर काल माझा कोट टांगलेला होता."

सिगवाल्ड पुढच्याच बाकावर होता. त्याने नाकारलं नाही. "जत्रा झाली की परत लावणार होतो," तो म्हणाला. "मग माझी पाठ धरली. मग म्हटलं, धक्क्यावर आवराआवरीचा दुग्नाद होईल तेव्हा कुणीतरी आणून देईल."

"ही झाली विसरभोळेपणाची गोष्ट," तोरुन म्हणाली. तिचा आवाज तिलाच कडू लागला. "तेवढीच असती तर मी तुझ्या घरी दुसरं वाफलही खाल्लं असतं. पण तू म्हणालास, वादळात झोपलो होतो. आणि मग म्हणालास, रायदुनने तिसऱ्यांदा लावला तेव्हा ब्रेकर क्षणभरही टिकला नाही."

रायदुन बाकावर वळली. "मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं."

"नव्हतंस. तिसऱ्यांदा हॅचरीचे दिवे लागून विझले ते त्याने खिडकीतून पाहिलं. पहिल्यांदा गेले तेव्हाच त्याला कळलं असणार, कशाने गेले. सिगवाल्ड, तू खाली आला असतास तर अर्धे पंप बंद ठेवून आळीपाळीने टाक्या वाचवता आल्या असत्या. हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. का आला नाहीस?"

म्हाताऱ्याने आपले हात गुडघ्यांवर ठेवले.

"बूट घातले होते," तो म्हणाला. "दाराच्या कडीला हात लावला होता. मग वाटलं, गेलो की सगळ्यांना कळेल. वाटलं, येईलच वीज इतक्यात. तिथेच बसून राहिलो, बूट घालून."

"आणि ते चारशेचं गणित?"

"लोक विचारायला आले. काहीतरी सांगायला हवं होतं." त्याने प्रथमच दाराकडे पाहिलं. "वाटलं, विटोल्ड काय, निघून जाईल कुठेतरी. त्याला जायला जागा आहे. आम्ही कुठे जाणार?"

रायदुन उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"एक म्हातारा चाळीस मीटर केबल एकटा उचलत नाही," तोरुन सभेला म्हणाली. "हॅचरीच्या फाटकातून ती खांद्यावर कुणी कुणी आणली?"

सगळे कपांत बघत होते. इतकी माणसं इतक्या लक्षपूर्वक कॉफीकडे बघताना तिने कधी पाहिली नव्हती.

"आम्हाला वाटलं, कुणीतरी परत लावली असेल," अस्लाक म्हणाला. मग त्याने समोरचा ठराव घडी करून खिशात घातला, आणि त्याचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. "म्हणजे एकूण, चूक सगळ्यांचीच म्हणायची. कुणा एकाची नाही. ठीक आहे. उद्या सकाळी दुग्नाद. केबल काढू, नेऊ, लावू. विटोल्ड, तू येशील ना? जोडणी तुझ्याशिवाय कुणाला जमणार? हालिनालाही आण. वाफल्स आहेतच."

"पगारी?" विटोल्डने विचारलं.

दोघंतिघं हसले, मनापासून. "अरे, दुग्नाद आहे," अस्लाक म्हणाला. "आता तू आपलाच की."

विटोल्डने कोटाची बटणं लावली, एकेक, वरपर्यंत.

"तू माझी माफी मागितली नाहीस, अस्लाक," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने गावात कुणाला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. दार लागलं. मागून एक बाई म्हणाली की माणूस उगाचच मनाला लावून घेतो, आणि कॉफीची किटली पुन्हा फिरू लागली.

७

सोमवारच्या फेरीवर विटोल्डची गाडी चढली. आत खोकी, खोक्यांवर गाद्या, गाद्यांवर त्याची मुलगी, बेटाकडे पाठ करून बसलेली. हालिना पुढच्या सीटवर डोळे मिटून होती.

तोरुन कठड्याशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तुझा परवाना शाबूत आहे," ती म्हणाली. "अहवालात तुझं काम निर्दोष म्हणून लिहिलंय. तू राहू शकतोस."

"परवाना शाबूत आहे म्हणूनच जाता येतंय, बाई. नसता तर चोर पळाला म्हणाले असते."

सिगवाल्डचंही नाव अहवालात होतं. पण निवृत्त माणसाकडून काढून घेण्यासारखा परवानाच नव्हता, आणि गाव त्याच्याविरुद्ध काही बोलणार नव्हतं. तोरुनने ते लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं होतं. आपण पंचवीस वर्षं खरं काय ते शोधतो आणि ते कुणाला नको असतं, हे तिला नवीन नव्हतं. तरी आज राग आला, आणि तो तिने दाबला नाही.

धक्क्यावर दुग्नाद चालू होता. सगळं गाव जमलं होतं. केबल फळकुटाखालून ओढून काढली होती आणि वीसेक माणसं ती खांद्यावर घेऊन ओळीने हॅचरीकडे निघाली होती. कुणीतरी गाणं सुरू केलं. सिगवाल्ड एका खोक्यावर बसला होता, आणि त्याच्या हातात कुणीतरी कॉफी दिली होती.

"नेतील खोलीपर्यंत," तोरुन म्हणाली. "पण जोडणार कोण?"

"कुणीतरी," विटोल्ड म्हणाला.

फेरीने भोंगा दिला आणि पाणी मागे सरकायला लागलं. धक्का आता मोकळा, सपाट पडला होता. मागे राहिलेली एक बाई थर्मास घेऊन ओळीमागे घाईने निघाली. केबल जिथे आडवी असायची त्या जागी ती आली, आणि तिथे काहीही नसताना, खाली न बघता, तिने पाय उचलला.